कम्प्युटरचे आवाज बंद केले तेव्हा

बाबा, घरातल्या कम्प्युटरचे सगळे आवाज मी बंद करून टाकलेत. तुम्ही गेलात तेव्हा आपल्याकडे कम्प्युटर नव्हता, म्हणून जरा सविस्तर सांगते. हे यंत्र फार बडबडं असतं. चालू केलं की एक सूर काढतं, काही चुकलं की ठण्णकन वाजतं, पत्र आलं की टिंग करतं, वायर खोचली तर एक आवाज, काढली तर दुसरा. मी वरंधच्या शाळेतून निवृत्त झाले तेव्हा धाकट्याने त्याचा जुना मला आणून दिला. "ताई, तुझा टाइमपास होईल," म्हणाला. दुपारी मी त्यावर शेजारपाजारच्या मुलांसाठी सरावाच्या प्रश्नपत्रिका तयार करते. पण खरं सांगायचं तर महाडच्या या दोन खोल्यांत दिवसभर माझ्याशी कोणी बोलत असेल तर तो हाच. टिंग झालं की मी स्वयंपाकघरातून "आले, आले" म्हणते, हात पुसत जाऊन बघते, तर कुठल्याशा साड्यांच्या दुकानाची जाहिरात. शेजारीण एकदा विचारत होती, पाहुणे आलेत का. मी हो म्हणून मोकळी झाले.

आता हे सगळं बंद का केलं, तर तुमच्यासाठी. तुमची ती कॅसेट आठवते का? निरोपसमारंभाच्या दिवशी एसटी स्टँडवरच्या वायरमनने शाल-नारळाबरोबर दिलेली, तुमच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसाच्या घोषणा टेप केलेली. तुम्ही ती एकदाही लावली नाहीत. "माझाच आवाज मी काय ऐकायचा?" म्हणालात आणि आईने ती गाण्यांच्या कॅसेटींबरोबर पत्र्याच्या डब्यात ठेवून दिली. आई गेल्यावर डबा माझ्याकडे आला. मग एका पावसाळ्यात सावित्री नदीच्या पुराचं पाणी घरात शिरलं, आणि डबा माळ्यावर नव्हता, पलंगाखाली होता. गाण्यांच्या कॅसेटी मी टाकून दिल्या. तुमची तेवढी सावलीत वाळवली. पुढे ती लावायचा धीर झाला नाही, आणि धाकटा मात्र फोनवर सारखा मागे लागला होता, "ताई, बाबांचा आवाज मला पाठव गो. माझ्या पोरांनी ऐकलाच नाय." बाजारातल्या रेडिओवाल्याकडे गेले, तर त्याने ती उजेडात धरून बघितली आणि म्हणाला, "बाई, पट्टी चिकटलीय. एकदा चालंल, नशीब असंल तर परत चालंल. मग तुटली तर माझ्या नावानं बोंब मारू नका."

तुमचा आवाज म्हणजे पोलादपूरच्या एसटी स्टँडचा आवाज. कंट्रोलच्या त्या खिडकीमागे तुम्ही बसलेले असायचात, माइकवर नखाने दोनदा टकटक करायचात, आणि मग अख्खं स्टँड मान वर करायचं. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे." काय भाषा होती ती, शाळेतल्या धड्यासारखी. पण गाडीची घोषणा संपली की तोच माइक तोंडाशी धरून तुम्ही घरच्यासारखं बोलायला लागायचात. "कुडपणच्या काकी, तुमची कोंबडी सुटलीय गो, रसवंतीच्या मागं हाय." काकी धावते, स्टँड हसतं, रसवंतीवाला टोपली घेऊन कोंबडीमागे. अशाने एकदा साहेबांनी तुम्हाला झापलं होतं, माइक काय गावगप्पांसाठी दिलाय का म्हणून. मग काही दिवस तुम्ही फक्त गाड्याच बोललात. त्या दिवसांत डोंगरावरून आलेली माणसं खिडकीशी येऊन विचारायची, "मास्तर, बरं नाय काय?" आठवडाभरात तुम्ही पुन्हा कोंबड्या-पिशव्यांवर आलात. साहेबांनीही मग चालवून घेतलं.

घरी मात्र तुम्ही गप्प. जेवताना "मीठ," झोपताना "दिवा." आई म्हणायची, ते दिवसभर बोलून दमतात. मला ते कधी पटलं नाही. मी चौथीच्या स्कॉलरशिपमध्ये तालुक्यात पहिली आले तेव्हा शाळेतून थेट स्टँडवर पळत आले होते. दम लागलेला, हातात निकालाचा कागद, आणि तुम्ही कोणत्यातरी ड्रायव्हरला वेळ लिहून देताय. मी म्हटलं, "बाबा, माइकवर सांगा ना." तुम्ही कागद वाचलात, घडी घातलीत, मला परत दिलात. "ही सरकारी वस्तू हाय. घरचं यावर बोलायचं नसतं. घरी जा, आईला सांग." मी बाहेर बाकावर जाऊन बसले, आणि थोड्याच वेळात तुम्ही कोणाच्यातरी विसरलेल्या छत्रीची घोषणा केलीत, छत्रीची मूठ कशी आहे तेसुद्धा सांगितलंत. माझा इतका संताप झाला होता बाबा. त्या माइकवर छत्रीला जागा होती, कोंबडीला जागा होती, मलाच नव्हती. पुढे शिकले, नोकरी लागली, लग्न झालं, मोडलं, त्यातल्या कशावरही तुम्ही फारसं बोलला नाहीत. आणि मीही विचारलं नाही. तुमचीच मुलगी.

तर ती कॅसेट. माझ्या टेपरेकॉर्डरचा स्पीकर पुरातच गेलेला, म्हणून रेडिओवाल्याने घरी येऊन एक वायर लावून दिली, टेपचा आवाज कम्प्युटरच्या स्पीकरमधून येईल अशी. समोर मोबाइल ठेवायचा आणि त्यात भरून घ्यायचं, इतकं सोपं काम. मी मोबाइल आठवणीने गप्प केला, पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, शेजारणीला कुकर जरा उशिरा लाव म्हणून सांगून आले. कम्प्युटरचं डोक्यातच आलं नाही. रोजच्या माणसाला कोण गप्प बस म्हणून सांगतं? बटण दाबलं. खरखर, मग नखाची टकटक, आणि तुम्ही. खुर्चीत बसून ऐकत होते, आणि एका गाडीचं नाव तुम्ही घेताय तेवढ्यात टिंग. नेमकं त्या नावावर. साड्यांचं दुकान. मी काहीतरी बोलले, बहुतेक वैतागून, आणि थोड्या वेळाने हात लांबवून टेप बंद केला. मग तिथेच बसून रडले.

धाकट्याला फोन केला तर तो म्हणतो, "अरे यार ताई, म्यूट मार ना. सिंपल हाय." त्याला समजावून सांगावं लागलं की तुमचा आवाजही त्याच स्पीकरमधून येतोय, कम्प्युटरला म्यूट केलं तर बाबाही म्यूट. मग तो फोनवर बसून एकेक पायरी सांगत गेला. कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर उजवं बटण, मग आवाजांची एक खिडकी उघडते. तिच्यात सगळे आवाज ओळीने नावानिशी बसलेले असतात. त्यांच्या वर एक कप्पा असतो, तिथे "आवाज नको" असं एकदाच निवडलं की काम होतं. धाकट्याचं ऑफिस होतं, त्याने फोन ठेवला. मी लगेच निवडलं नाही. त्या खिडकीत प्रत्येक आवाज वाजवून बघायचं बटणही आहे. मी एकेक वाजवत गेले. बॅटरी संपत आल्याचा, चूक झाल्याचा, पत्र आल्याचा. काही तर मी कधी ऐकलेही नव्हते, कोण जाणे कशासाठी ठेवलेत. मग "आवाज नको" केलं. पत्रांच्या सूचना वेगळ्या बंद कराव्या लागल्या, चालू होतानाच्या सुराला वेगळी खूण होती, ती काढली.

त्यानंतर मी काही दिवस कॅसेटला हात लावला नाही. आवाज खरंच गेलेत ना, याची खात्री करत होते असं धाकट्याला सांगितलं. पण घर इतकं शांत झालं की स्वयंपाकघरात उभी राहून मी वाट बघायचे आणि कशाची ते कळायचं नाही. भाजी चिरताना एकदा उगाचच "आले" म्हणाले. हे कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. या वयात इतकं एकटं वाटेल असं मला वाटलं नव्हतं. मी तुमच्यासारखी आहे, मला फार माणसं लागत नाहीत, असंच मी समजून होते. तुम्हाला तरी खरंच लागत नव्हती का? दिवसभर त्या खिडकीतून अख्ख्या तालुक्याशी बोलत होतात तुम्ही.

शेवटी एका सकाळी पुन्हा लावली. पट्टी चालली. तुम्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोललात, मध्ये टाचणी पडल्याइतकाही आवाज झाला नाही. शेवटच्या घोषणेनंतर टेप कुरकुरला आणि पट्टी आत गुंडाळली गेली. रेडिओवाल्याने बघून ती आता चालायची नाही म्हणून सांगितलं. पण काम झालं होतं. ती प्रत मी धाकट्याला पाठवली. "एकदम क्लियर आलंय," त्याने लिहिलं, "आधीचं खराब झालेलं डिलीट करून टाक, उगाच जागा खातं." मी लिहिलं, केलं.

बाबा, नाही केलं. कॅसेट कायमची गेल्यावर, मोबाइलमधलं ते आधीचं खराब झालेलं पुसण्याआधी एकदा ऐकावं म्हणून लावलं. त्यात तुम्ही म्हणता, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. सायंकाळी सुटणारी," आणि टिंग. आणि लगेच मी, अगदी जवळून, माझा मलाच ओळखू न येणारा आवाज, "कुठची बाबा? परत सांगा." माझ्या तोंडून ते गेलं होतं हे माझ्या लक्षातही नव्हतं. तुम्ही थांबता. घसा खाकरता. प्रत्येक गाडी तुम्ही दोनदा सांगायचात, सगळ्यांनाच सांगायचात, ते मला माहीत आहे, मी पोलादपूरच्या स्टँडवर वाढलेली आहे. पण त्या टेपमध्ये स्टँड नाही, काकी नाहीत, कोणी नाही. मी विचारते, आणि तुम्ही माइकवरून मला सांगता, "कुडपण. सायंकाळी सुटणारी कुडपण मुक्कामी गाडी."

धाकट्याला पाठवलेलं मी पुन्हा ऐकलेलं नाही. रोज हेच लावते, आणि रोज तेवढंच विचारते.