डिझेलच्या चिठ्ठीवरची सही

जळगाव, ९ ऑक्टो. ७३
कचेरीत पुरवठ्याच्या टेबलावर येऊन आठवडा झाला. तिकडे अरब-इस्रायल लढाई पेटलीय. आमचे हेडक्लार्क नाना पेपरातून मान वर काढत नाहीत. एकाच्या मागे अमेरिका, दुसऱ्याच्या मागे रशिया, मरणारे तिसरेच, म्हणाले. मला काय त्याचं. धुळ्याहून आईचं पत्र. आबा अजून नीट जेवत नाहीत.

२२ ऑक्टो.
अरबांनी अमेरिकेचं तेल तोडलं. नाना म्हणतात, इतकी वर्षं बाँब कोणाकडे जास्त ते बघायचे, आता तेल कोण अडवू शकतो ते बघतील. दिवसभर तेच डोक्यात.

१२ नोव्हें.
पेट्रोल भडकलं. विहिरीवरच्या इंजिनांना डिझेल आता कचेरीच्या चिठ्ठीशिवाय नाही. चिठ्ठ्या मी लिहिते. परवापर्यंत ‘ओ बाई’ म्हणणारे आज ‘ताई’ म्हणत होते.

१९ नोव्हें.
आज तो आला. असोद्याचा वसंत.
आमच्या लग्नाच्या पत्रिका छापून झाल्यावर ह्याच्या घरून निरोप आला होता, चार पुरुषांत बसून नोकरी करणारी मुलगी नको. आबा समजूत काढायला गेले, तर त्यांना ओट्यावरूनच परतवून लावलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. हा आत बसून ऐकत होता. तेव्हापासून आबा गप्प.
मला ओळखलं. मान खाली. केळीच्या बागेला वीस लिटर हवंय. म्हटलं, अर्ज ठेवा, बघू.
गठ्ठ्याच्या तळाशी घातला. पुढच्याला हाक मारली.

३० नोव्हें.
परत आला. बाकावर तीन तास बसवला.
युरोपवाले अरबांशी गोड बोलू लागलेत म्हणे, जपानसुद्धा. रशियाला चिंता नाही, घरचं तेल आहे. दिल्लीही रॉकेलसाठी रशियाकडेच बघतेय, असं नाना.

११ डिसें.
तिसरी खेप. “ताई, बाग वाळतेय.” त्याच्या तोंडून ताई. घरी येऊन पोटभर जेवले.

१८ डिसें.
असोद्याची सखूअक्का आली. विधवा, वसंताच्या शेजारी तिचं वावर. म्हणाली, “माह्यापाशी इंजिन नही, बाई. त्याच्याच पान्यावर माह्या केळी. त्याले डिझेल नही तं मले पानी नही.” पाण्याच्या बदल्यात ती त्याची बाग निंदते.
हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.
नानांनी ऐकलं. ती गेल्यावर पेपर घडी करत म्हणाले, अरबांनी राग काढला अमेरिकेवर, रॉकेलच्या रांगेत मात्र आपण. मला उद्देशून होतं का? विचारलं नाही. तळचा अर्ज काढला, परत ठेवला.

१९ डिसें.
अक्काला बोलावून घेतलं. चिठ्ठी लिहिली. नाव त्याचं, वीस नाही, दहा. दिली तिच्या हातात. सांगितलं, डिझेल तुझ्या घरी ठेव, आधी तुझी केळी भिजू दे, मग त्याची. नियमात बसत नाही. बसवलं.
आता जाऊ दे त्याला तिच्या दारात.

२४ डिसें.
अक्का सांगून गेली. रोज सकाळी रिकामा डबा घेऊन तिच्या अंगणात उभा असतो. सगळं गाव बघतं. ऐकून फार बरं वाटलं. पण ती त्याला चहा देते म्हणे. याचा राग आला, अक्काचाच. काय गरज...

४ जाने. ७४
त्याने साहेबांकडे तक्रार दिलीय. माझी चिठ्ठी पंपावरून मिळवून जोडलीय. सोमवारी अकराला बोलावणं. नाना म्हणाले, “नजरचुकीनं झालं म्हण पोरी, पुढचं मी बघतो.”
नजरचूक नव्हती. आबांना कळवावं का? कळलं तर हसतील की...
या महिन्याचा त्याचा अर्ज टेबलावर आहे. आज सगळ्यांचे निकाली काढले. त्याच्यावर सही केलेली नाही.