राजाच्या स्वारीची अर्धी चाल

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या आणि (तुझ्याच शब्दांत) बिनकामाच्या भावाचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? भाऊजींचं घोरणं अजून शेजारपाजारी ऐकू जातं का? मी मजेत आहे, म्हणजे सगळ्यांना तसं सांगतोय.

तर, एका ऐतिहासिक चित्रपटाचं पार्श्वसंगीत माझ्या गळ्यात पडलंय. राजाच्या स्वारीसाठी मी केलेल्या सगळ्या चालींना दिग्दर्शकाने नाक मुरडलं. शेवटी एकदा कप विसळताना मी काहीतरी गुणगुणलो, तर तो ताडकन उठला. हीच, म्हणाला, हिच्यात इतिहास आहे. (मी गंभीर चेहरा केला. बराच अभ्यास केलाय, असंही वर म्हणालो.) मग अख्खा वाद्यवृंद बसवला. पण चाल सुरू झाली की पहिली व्हायोलिनवाली जांभई देते, तिचं बघून दुसरी. नगारेवाला तर नगाऱ्यावरच डोकं टेकून झोपला, बिचाऱ्याला पडद्यावरचं घोडदळ निघून गेल्यावर जाग आली. स्टुडिओच्या काचेपलीकडे निर्माताही आडवा. त्याला उठवू नका, पैसे लावल्यापासून पहिल्यांदाच झोपलाय, असं दिग्दर्शक म्हणाला.

खरी गोची पुढेच आहे. राजा वेशीबाहेर पडायच्या आतच माझी चाल संपते, आणि त्याला अजून किल्ला घ्यायचाय. उरलेली चाल सोमवारी तयार नसेल तर काम दुसऱ्या संगीतकाराकडे जाणार. रोज पियानोशी बसतो आणि नेमक्या त्या जागेवर डोळे मिटतात. तुझी भावजय याला कामचुकारपणा म्हणते.

बाकी ठीक. भाचीला सांग, मामा आता मोठा माणूस होणार आहे.

तुझा,
टिल्लू

ता. क. एक सांगायचं राहिलं. ती चाल तुझी आहे. आई रात्रपाळीला गेली की मला थोपटताना तू गुणगुणायचीस ना, तीच. पुढचा भाग मी कधी ऐकलाच नाही, तोवर मला झोप लागलेली असायची. तेवढा फोनवर गुणगुणून पाठव. (भाऊजी झोपायच्या आत.) पडद्यावर तुझं नाव माझ्या आधी घालायला सांगतो.

आणखी एक. हे लिहिता लिहिताच मनात आलं. मी झोपलो की तूही तिथेच थांबायचीस का गं? तसं असेल तर पुढचं कुणालाच माहीत नाही. मग सरळ गाडी पकडून इकडे ये आणि माझ्याजवळ बसून म्हण. फक्त या वेळी मी झोपलो तरी थांबू नकोस.