मालडब्यापुढे उभी नंदा

रविवार, खामगाव

रेल्वे मॉडेलवाल्या ग्रुपवर दिवसभर माझ्या बायकोच्या उंचीची चर्चा. जुन्या मालडब्याच्या दाराचं माप कुठेच सापडेना, म्हणून लग्नानंतर जलंब स्टेशनवर तशाच डब्यापुढे काढलेला नंदाचा फोटो मी टाकला. तिच्या उंचीवरून हिशोब केला, तर दार ठेंगणंच निघालं. एवढ्या दारातून कापसाच्या गाठी कशा जातील?

नंदाला दाखवलं. "मले काऊन मोजून राह्यले हे लोक?" मग हळूच म्हणाली, "साडीखाली उंच टाचांच्या चपला होत्या माह्या. तुमच्या खांद्यापर्यंत तरी यावं म्हून."

टाचांची उंची हिशोबात धरल्यावर दार गाठी जातील एवढं निघालं. एवढा फरक कसा पडला, ग्रुपवर विचारतायत. लिहिलं, मीच फोटो नीट पाहिला नव्हता.