अशीच बस, हलू नकोस

शनिवार, ९ सप्टेंबर १९७८

पोचले एकदाची! नेब्रास्काहून निघाल्यापासून बसमध्ये बसून बसून बूड बधिर झालंय, पण हे सिनेमावाल्यांचं बरबँक बघितल्यावर शीण पळाला. खोली गॅरेजच्या वर आहे. बाहेरून लाकडी जिना, आत एक पलंग, एक टेबल, आणि खिडकीतून शेजाऱ्यांचं लिंबाचं झाड. पलंग दोघींना पुरेल. माझी लेक ट्रीना झोपेत लाथा मारते, ते चालेल मला.

घरमालकीण मिसेस ओब्लाक फटकळ आहे, पण मनाने बरी वाटली. खाली गॅरेजात ती लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते. तिने दोनच नियम सांगितले: मासे तळायचे नाहीत आणि किंचाळायचं नाही. मी चाटच पडले. तर म्हणाली, आधीचा भाडेकरू नट होता, भुताच्या सिनेमात मरायचं काम मिळालं की दिवसभर वर ओरडत बसायचा, गिऱ्हाइकं पळून जायची. तुझं तसलं काही ऐकलं तर खालून झाडूचा दांडा ठोकीन हो. मी म्हटलं, मावशी, माझ्या कामात तोंड उघडायचंच नाहीये.

आईशी ठरलंय ते इथे लिहून ठेवते, म्हणजे विसरायला नको. हे काम शेवटपर्यंत टिकवलं तर ती ट्रीनाला घेऊन येणार. नाही टिकवलं तर मी मुकाट्याने परत जायचं, आणि पोरगी आईकडेच वाढणार. निघताना ट्रीनाने माझ्या झग्याला एवढी घट्ट मिठी मारली होती की आईला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

मंगळवार, १२ सप्टेंबर

काम भलतंच मजेचं आहे. सिनेमाचं नाव ‘बाबांची खुर्ची’, टीव्हीसाठीच काढताहेत. दिग्दर्शक मिल्ट फेनर. झपाटलेल्या फ्रिजचा सिनेमा त्याचाच, झपाटलेल्या इस्त्रीचाही त्याचाच. फ्रिजवाला आम्ही गावी सगळ्यांनी मिळून पाहिला होता. फ्रिजने शेजाऱ्याला गिळलं तेव्हा आई म्हणाली होती, आधी आतलं शिळं बटाट्याचं सॅलड तरी काढायचं मेल्यांनी. हे मी मिल्टला सांगितलं. तो हसला नाही.

गोष्ट अशी: घरातला बाप मरतो, त्याच्या आरामखुर्चीत कुणी बसलं की खुर्ची त्याला खाते. आमच्याकडे बाबा गेल्यावर त्यांच्या खुर्चीत कोण बसलंय? आई तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग ठेवते, म्हणजे कुणाला बसावंसंच वाटू नये. प्रत्येक घरात तसलं काहीतरी असतं. म्हणूनच लोक असले सिनेमे बघतात.

विधवेचं काम कॉन्स्टन्स व्हेल करते. एके काळी मोठी नटी होती म्हणे. मी तिची बदली. माझी उंची तेवढीच आणि केस तसेच तपकिरी, एवढीच माझी लायकी. दिवे लावून होईपर्यंत तिच्या जागी खुर्चीत बसायचं आणि हलायचं नाही. हनुवटी इंचभर हलली तरी दिवेवाले शिव्या घालतात. सगळं जुळलं की बाई येणार, मी उठणार. व्हर्न म्हणाला, चांगली बदली कोणती, तर जी तिथे आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही ती.

हा व्हर्न म्हणजे खुर्चीचं भूत! खुर्च्या दोन आहेत, दोन्ही एकसारख्या, मोहरीच्या रंगाच्या, जाड रेघांच्या कॉर्डरॉय कापडाच्या. एक आतून पोकळ. तिच्यात व्हर्न मागून शिरणार, खुर्चीच्या हातांत स्वतःचे हात घालणार आणि कॉन्स्टन्सबाईंना आवळणार. दुसरी भरीव. ती कुठल्याशा विधुराच्या घरची. तो गेल्यावर मुलांनी सगळं सामान हिरवळीवर मांडून विकलं, त्यातली. मी बसते ती हीच.

शुक्रवार, १५ सप्टेंबर

खुर्ची एवढी मऊ आहे की लाज वाटते. सकाळी बसले की दुपारपर्यंत डोळे मिटायला लागतात. ही वही झग्याच्या खिशात असते, दिवेवाले सिगारेट ओढायला गेले की दोन ओळी लिहून घेते.

व्हर्न मात्र चावट आहे, गुपचूप पोकळ खुर्ची आणून ठेवलेली दिसतेय. मी बसलेली असताना आतून पाठीवर हळू हळू दाब देतो. श्वास घेतल्यासारखा. मी काही बोलत नाही, नाहीतर जास्तच चेकाळेल.

ट्रीनाचं पत्र आलं, स्वतःच्या हाताने लिहिलेलं. आता तिला मोठी अक्षरं वाचता येतात. शेवटी लिहिलंय, तू दार उघडलंस की मी पळत येऊन मांडीवर उडी मारणार. घरी हेच करायची. मागेपुढे न बघता धडकायची, माझ्या हातात गरम कॉफी असली तरी.

मंगळवार, १९ सप्टेंबर

मांड्यांवर कॉर्डरॉयच्या रेघा उठल्यात. बसल्याने उठतात, त्यात नवल नाही. पण काल आंघोळीनंतरही होत्या आणि आज सकाळीही आहेत. बोट फिरवलं तर लागतात.

आज व्हर्नला झापलं. म्हटलं, पुरे झाला चावटपणा, श्वास कसले घेतोस पाठीत! तो बघतच राहिला. मग खो खो हसला आणि म्हणाला, अगं बाई, पोकळ खुर्ची गेल्या आठवड्यापासून बाहेर ट्रकमध्ये ताडपत्रीखाली आहे, माझे शॉट अजून लागलेच नाहीत. तू बसतेस तिच्यात उंदीरसुद्धा मावायचा नाही.

सगळे हसले. मीही हसले. मग दिवेवाल्यांनी हाक मारली, आणि मी जाऊन बसले.

शुक्रवार, २२ सप्टेंबर

आज जेवणाच्या सुट्टीत मला उठता आलं नाही. पाय झोपले असतील असं आधी वाटलं. पण पाय जागे होते, बोटं हलत होती. नुसतं उठता येत नव्हतं. मी हाक मारली, मिल्ट, जरा हात द्या. त्याने कागदातून मान वर न करता सांगितलं, छान, अशीच बस, हलू नकोस. आणि सगळे जेवायला गेले.

परत आले तेव्हा कॉन्स्टन्सबाई समोर उभ्या राहिल्या आणि खुर्चीने मला सोडलं. कसं, ते माहीत नाही. झगा मागून उसवला होता आणि खुर्चीला त्याचे दोरे चिकटले होते. बाईंनी आधी एक शाल आणवली, दुहेरी घडी घालून खाली पसरली, मग बसल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

सिनेमातली खुर्ची गुरगुरते, हात उगारते, तिच्यापासून पळता तरी येतं. ही काहीच करत नाही. हिच्याबद्दल तक्रार तरी काय करायची?

सोमवार, २५ सप्टेंबर

तरी केली. मिल्टला म्हटलं, मी शेजारी उभी राहते, खुर्चीत नको. तो म्हणाला, पोरी, फाटकाबाहेर तपकिरी केसांच्या बायकांची रांग लागलीय, बसायचं नसेल तर तसं सांग.

संध्याकाळी मिसेस ओब्लाककडे आईचा फोन आला. तिकिटं काढली, रविवारी दुपारी पोचताहेत. मागून ट्रीना गात होती. शुक्रवारी सिनेमा संपतो. चार दिवस. चार दिवस कसेही काढीन.

बुधवार, २७ सप्टेंबर

पाठीवरही रेघा. दंडांवरही. आरशात बघितलं, मग आरसा पालथा ठेवला.

आज दिवेवाला माझ्या मांडीवर वायरचं भेंडोळं ठेवून निघून गेला. मी ओरडले तेव्हा दचकला. म्हणाला, अरेच्चा, तू आहेस होय.

भीती वाटते. आईला सांगितलं तर म्हणेल, झाली नाटकं सुरू, ये परत. मग ट्रीना—

शुक्रवार, २९ सप्टेंबर. खोलीवर.

हात अजून माझा आहे, लिहून घेते.

शेवटच्या प्रसंगात विधवा खुर्ची जाळते. मी देवाकडे मागत होते की हीच जाळू देत. पण पोकळ आधीच फाटली होती, ती जाळली. ही उरली.

इथे रीत आहे, सिनेमा संपला की सेटवरचं सामान ज्याला हवं त्याने घरी न्यायचं. केक कापला, सगळे प्यायले. मी अजून खुर्चीतच. शेवटच्या शॉटआधी बसवलं होतं, तेव्हापासून उठता येत नव्हतं. मिल्ट म्हणाला, तुला एवढी आवडलीय तर घेऊन जा, लेक येतेय ना तुझी, बसायला होईल तिला.

तेव्हा मी किंचाळले. आयुष्यात कधी किंचाळले नाही तशी. म्हटलं, मला हिच्यातून काढा, ती मला सोडत नाहीये, ट्रीनाला— पाया पडते तुमच्या!

 मग टाळ्या. व्हर्न पोट धरून हसत होता, म्हणे कॉन्स्टन्सपेक्षा भारी करते ही, आधी का नाही सांगितलंस! चौघांनी मला खुर्चीसकट उचललं, राणीसारखं. ट्रकमध्ये मी ओरडत होते आणि ते माझ्यासोबत ओरडत होते. जिन्यावरसुद्धा. टेबल बाजूला सारून खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली. व्हर्नने माझ्या गालाचा पापा घेतला. दार नुसतं लोटून गेले.

शनिवार

ओरडले. खालून झाडूचा दांडा.

पुन्हा ओरडले. मिसेस ओब्लाक जिन्याच्या पायथ्याशी येऊन म्हणाली, सिनेमा संपला ना तुझा, आता कसला सराव? आणि गेली. वर नाही आली. तिचे गुडघे दुखतात.

तहान लागत नाही. लागायला हवी.

पाठीत श्वास. आता माझ्याच लयीत. की मी त्याच्या—

शनिवार, अंधार पडायच्या आधी

डावा हात हातावर. म्हणजे खुर्चीच्या हातावर. कुठे संपतो ते दिसत नाही. कॉर्डरॉय कोपरापर्यंत.

मोठ्या अक्षरांत लिहिलं, ट्रीना बसू नकोस. पान फाडलं. ती आली की तोंडासमोर धरेन. तिला वाचता येतं आता.

रविवार

पान पडलं. समोर जमिनीवर. पालथं.

ओरडायचं नाही असं ठरवलंय. आवाज ऐकून पळत येईल. गप्प बसले तर कदाचित— पण गप्प बसले तर आत आल्यावर तिला कळणार कसं?

उजवा हात मनगटापर्यंत. फक्त बोटं.

टॅक्सी थांबली. आईचा आवाज, बॅग सांभाळ म्हणतेय. आई, तू आधी ये. तू वर ये आधी

ओरडतेय. ट्रीना, नको, येऊ नको, जितकं ओरडता येतं तितकं

खाली मिसेस ओब्लाक. हसतेय. ट्रीनाला सांगतेय, घाबरू नकोस गं, तुझ्या आईचं कामच आहे ते, जा, पळ, दार उघडंच—

दोन दोन पायऱ्या एकदम

ट्रीना मांडीव