आईचा पर्सेंटाइल

प्रिय आई,

पत्र बघून दचकू नकोस. माझी तब्येत ठणठणीत आहे आणि खोलीतल्या मैत्रिणीशी भांडणही झालेलं नाही. फोन न करता कागद घेऊन बसले, कारण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी जरा गंभीर काही काढलं की दुकानात हमखास गिऱ्हाईक येतं, दुकान बंद असलं तरी येतं. पत्राला "ठेवते गं" म्हणता येत नाही. हे तुझ्या हातात पडेल तोवर तुझ्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागून गेलेला असेल. पण मी अभिनंदन करायला बसलेली नाही, आणि समजूत घालायलाही नाही. परवा तू एक वाक्य बोललीस आणि लगेच फोन ठेवलास, ते माझ्या डोक्यातून जात नाही. "या खेपेलाही आकडा कमी आला तर समजायचं, आपला वकूब तेवढाच. पुस्तकं रद्दीत घालीन, पुन्हा विषय काढायचा नाही." मला त्याचं उत्तर द्यायचं आहे.

गेल्या वर्षीचा निकाल आठवतो ना? एक्केचाळीस पर्सेंटाइल. मी सुट्टीला घरी आले होते. मामा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सुतकी चेहरा करून बसला होता. ड्रायव्हिंग स्कूल काढल्यापासून जगातल्या सगळ्याच परीक्षा त्याला कळतात. "शंभरात एक्केचाळीस, म्हणजे काठावर पास," असं त्याने जाहीर करून टाकलं. "या वयात एवढे म्हणजे पुष्कळ झाले," असं बाबा म्हणाले, आणि तुझ्या कपाळावर मामापेक्षा बाबांच्या बोलण्याने जास्त आठ्या पडल्या. मी सांगायला लागले की हे मार्क नव्हेतच, इथे पास-नापास काही नसतं. परीक्षेला बसलेल्यांतले दर शंभर जण रांगेत उभे केले तर एक्केचाळीस जण आईच्या मागे, एवढाच त्याचा अर्थ. मामाने मान हलवली, पण ती हो म्हणायची नव्हती. तू मात्र हातातला घासलेला टोप तसाच निथळत धरून विचारलंस, "मागे? आत्ता शाळेतून निघालेली पोरं, ती माझ्या मागे?" आणि जी हसत सुटलीस, की बाबांनी तुझ्या हातातून टोप काढून घेतला.

मग तू माझं डोकं खाल्लंस. एखाद्या वर्षी हुशार पोरं कमी बसली तर आपला आकडा आपोआप वाढेल का? वाढेल. आणि सगळीच हुशार बसली तर आपण तेवढंच लिहूनही खाली येऊ? येऊ. "म्हणजे हा आकडा माझ्या एकटीचा नाहीच की गं," असं तू म्हणालीस. आई, माझा चौऱ्याण्णव आला तेव्हा माझ्या मनात असला एकही प्रश्न आला नव्हता. मी नुसती नाचले होते. तू विषयवार आकडे बघायला घेतलेस. भाषेत सत्तर, विज्ञानात पन्नासाच्या जवळ, आणि गणितात अठरा. त्या अठरावर बोट ठेवून म्हणालीस, एक पिशवी नासली म्हणून अख्खा फ्रीज रिकामा करायचा नसतो. दुसऱ्या दिवशी माझं नववीचं गणिताचं पुस्तक माळ्यावरून खाली आलं. मला त्या दिवशी तुझा इतका अभिमान वाटला, आणि मी तो बोलले नाही, कारण तू लगेच "पुरे" म्हणाली असतीस.

तुझी ती दुकानातली सवय मी लहानपणापासून बघते आहे. एकोणीस वर्षं तू फडताळं लावते आहेस, जुन्या तारखेचं पुढे, नव्याचं मागे. घरीसुद्धा कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करून तारीख बघणार, मग काय आहे ते बघणार. माझ्या वाढदिवसाला मैत्रिणींनी आणलेल्या केकचं खोकं तू त्यांच्यासमोर उलटं केलंस तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण त्या तारखेच्या पलीकडचं तुला कळून घ्यायचं होतं. दूध नासतं म्हणजे आत नेमकं काय होतं, हवा काढलेल्या पाकिटातला पाव जास्त का टिकतो, हे तू मला विचारायचीस, मला येत नसे, आणि तू पुन्हा कामाला लागायचीस. ज्याच्यासाठी तू ही परीक्षा देतेस, त्या कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात अन्नतंत्र शिकवतात असं तुला कळलं, त्या दिवसाचा तुझा आवाज मी विसरणार नाही.

यंदा तू कोल्ड रूममध्ये बसून अभ्यास केलास, हे मला तुझ्याकडून नव्हे, बाबांकडून कळलं. दुकानात तेवढी एकच जागा शांत, म्हणून जेवणाच्या सुट्टीत स्वेटर आणि मफलर घालून दुधाच्या क्रेटवर बसायचीस आणि खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर गणितं सोडवायचीस. एकदा मॅनेजर दार उघडून घाबरलाच म्हणे. परीक्षेच्या दिवशी फाटकावरच्या माणसाने तुला पालकांच्या मांडवाकडे पिटाळलं, तर तू प्रवेशपत्र पुढे करून म्हणालीस, "पालक घरी आहेत, मीच आले आहे." हे मी इथे वसतिगृहात किती जणींना सांगितलं असेल, तुला कल्पना नाही. आत पाण्याच्या बाटल्या वाटल्या, तेव्हाही तू बाटली उलटी करून तारीख पाहिलीस, आणि शेजारची रडवेली मुलगी फिसकन हसली. ती बाई तू आहेस, आणि तुझा वकूब एक छापलेला आकडा ठरवणार?

आकडा खोटा असतो असं मी म्हणत नाही. कॉलेजकडे जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर, मग आधी कुणाला बोलवायचं यासाठी त्यांना काहीतरी लागतं. गेल्या वर्षी तुझ्या वर्गाची शेवटची जागा पंचावन्नला भरली. त्याच्या बरंच खाली आलीस तर यंदा बहुतेक दार उघडणार नाही, हे मी गोडगोड बोलून लपवणार नाही. मला वाईट वाटेल, तुला तर वाटेलच. पण त्या तीन तासांत तू रांगेत कुठे उभी होतीस, एवढंच त्याला सांगता येतं. रांगेत येईपर्यंत कोण कुठून चालत आलं हे त्याला दिसत नाही, आणि आत गेल्यावर कोण काय करील हेही नाही. माझ्या वर्गात माझ्याहून मोठे आकडे घेऊन आलेल्या दोघी पहिल्या वर्षीच कंटाळून निघून गेल्या. त्यांच्यात कोल्ड रूममध्ये बसून गणितं सोडवणारी एकही नव्हती.

आता या पत्राचं खरं कारण. मी तुला ओळखते. निकाल चांगला असला तर म्हणशील, आकडा बघून पोरगी कौतुक करते आहे. वाईट असला तर म्हणशील, बिचारी धीर देते आहे. दोन्ही बाजूंनी तू माझं काही ऐकणार नाहीस. म्हणून मी हे आज लिहिते आहे आणि आत्ताच टपाल कचेरीत जाऊन देते आहे. निकाल उद्या आहे, आई. तुझा आकडा अजून तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही. वर जे लिहिलं ते सगळं त्याच्याशिवाय लिहिलं आहे, आणि उद्या तो काहीही आला तरी त्यातला एक शब्द बदलणार नाही. खिडकीवरच्या बाईंना सांगून शिक्का ठसठशीत मारून घेते. पाकीट फेकू नकोस. नेहमीसारखं उलटसुलट कर आणि आधी तारीख बघ.

तुझीच,
लुडबुड