सहानुभूतीचा ठराव आणि दोन खुर्च्या

आदरणीय दादांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार (साष्टांग फक्त कागदावर, प्रत्यक्षात हल्ली वाकलो की उठायला भिंत लागते). तुमचा गुडघा, वहिनींचा रक्तदाब आणि गच्चीतली गळकी टाकी या तिन्ही आघाड्यांवर क्षेम असावे, अशी आशा करतो. इकडे तुमच्या बहिणीचे आहे ते आहे. खोकला तोच, प्राणवायूचे यंत्र कोपऱ्यात घरघरत असते, आणि बोलायला श्वास पुरत नाही म्हणून ती शब्द अगदी निवडून वापरते. निसर्गात कशाचाही नाश होत नाही, केवळ रूपांतर होते, हे मी आयुष्यभर शिकवले. त्यानुसार तिच्या वाट्याचे उरलेले शब्दही हल्ली मीच बोलतो.

तुम्हांला ठाऊकच आहे की पल्मनरी फायब्रोसिस हा आजार विरळा. फुप्फुसांत व्रण धरतात, ती कडक होत जातात, आणि हवा आत गेली तरी तिच्यातला प्राणवायू रक्तापर्यंत नीट पोचत नाही. लोक याला दमा म्हणतात, वय म्हणतात; समोरच्या काकूंनी तर पोटातला वायू ठरवून ओवा सुचवला. तेव्हा आमच्या डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या, "सर, तुम्ही लोकांना सांगत जा. कुणाला माहीतच नसतं." आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! निवृत्त विज्ञानशिक्षकाला 'सांगत जा' म्हणणे म्हणजे उतारावरच्या गाड्याला मागून धक्का देणे, हे त्या भल्या बाईंच्या लक्षात आले नसावे.

पहिला श्रोता न्हावी. त्याचे हात गुंतलेले असतात आणि दुकान सोडून त्याला पळता येत नाही, असा माझा शास्त्रशुद्ध हिशेब होता. वायुकोश कसे फुगतात हे मी दोन्ही गाल फुगवून दाखवले, तेव्हा वस्तरा नेमका ओठाच्या वर होता. (मिशीची डावी बाजू त्या क्षणी गेली, उजवी नंतर समतोलासाठी काढावी लागली. भेटीत ओळख पटली नाही तर कारण हे.) दुसऱ्या श्रोत्या समोरच्या काकू. "हे एकापासून दुसऱ्याला होतं का हो?" एवढेच त्यांनी विचारले होते. "नाही" हे उत्तर पुरेसे होते. पण नुसत्या उत्तराला मी कधी गुण दिलेले नाहीत, कारण द्यावेच लागते; म्हणून संसर्गजन्य नसणे म्हणजे काय हे स्पष्ट करण्यासाठी मी संसर्गजन्य असलेल्या यच्चयावत रोगांची लक्षणे सविस्तर सांगितली. तेव्हापासून काकू आमच्या दारावरून नाकाला रुमाल लावून जातात.

आता मुख्य प्रसंगाकडे वळतो. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तुमची बहीण जिना उतरू शकते. अडते ते चढताना. मध्ये कुठे बसता आले तर ती सावकाश वर येईल, नाहीतर खाली जाणेच नको म्हणते. आणि खाली गेली नाही त्याला आता बराच काळ लोटला. खिडकीतून भाजीवाल्याशी खुणांनी घासाघीस करते, तेवढेच तिचे जग उरले आहे. उपाय सोपा: जिन्याच्या दोन वळणांवर दोन घडीच्या खुर्च्या. परंतु जिन्यात काहीही ठेवायचे नाही असा इमारतीचा नियम, आणि अध्यक्षांचे म्हणणे, "मास्तर, आज खुर्ची, उद्या कपाट, परवा कुणी पलंग टाकेल." तेव्हा सभा घ्यावी आणि तीही आमच्याच दिवाणखान्यात, म्हणजे रुग्णालाही हजर राहता येईल, असे ठरले.

मी तयारी केली. दोन स्पंज आणले. एक मऊ, दुसरा डिंकात भिजवून वाळवलेला. प्रत्येकासाठी एकेक स्ट्रॉ आणली. सगळे जमल्यावर म्हणालो, "नाक धरा, आणि फक्त नळीतून श्वास घ्या. म्हणजे रुग्णाला कसे वाटते ते अनुभवाने कळेल." आता इथे मोठा घोटाळा झाला. सभेतले निम्मे लोक माझे जुने विद्यार्थी. निष्कर्ष लिहून होईपर्यंत प्रयोगाच्या साहित्यावरचा हात काढायचा नाही, ही शिस्त मीच त्यांना छडीच्या बळावर लावली होती. आणि मी निष्कर्षाकडे जाण्याऐवजी श्वासपटलाच्या रचनेकडे वळलो, तिथून हवेच्या दाबाकडे, आणि तिथून (आता लाज वाटते) पाणबुड्यांकडे. सेक्रेटरी, जो चाळिशीचा बाप्या आहे, नाक धरून लालबुंद. अध्यक्षांना मुळात सर्दी. शेवटी आतल्या दारात खुर्चीवर बसलेली तुमची बहीण म्हणाली,

"अहो मास्तर, तास संपला. नाकं सोडा रे."

सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. पडदा हलला, असे ती म्हणते. ही अतिशयोक्ती आहे. काकू मात्र घाम पुसत तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, तू हे दिवसभर करतेस?" ती म्हणाली, "रात्रीसुद्धा." रुमाल त्यांच्या हातातच राहिला.

अध्यक्ष गहिवरले. आजाराची माहिती अत्यंत प्रभावी होती, असे म्हणून त्यांनी रुग्णाबद्दल संपूर्ण सहानुभूतीचा ठराव मांडला आणि तो एकमताने संमत झाला. टाळ्या वाजल्या. मी वाकून आभार मानले. सगळे जिना उतरून गेल्यावर तुमच्या बहिणीने विचारले, "खुर्च्यांचं काय झालं?"

दादा, खुर्च्यांचे सांगायचे राहिले होते.

असो. वहिनींना नमस्कार. गुडघ्याला शेक द्या (शेकामागचे शास्त्र वेगळ्या पत्रात कळवीन).

तुमचा,
आज्ञाधारक मेहुणा

ता. क. येत्या रविवारी पुन्हा सभा आहे, आमच्याच घरी. या वेळी तुमची बहीण स्वतः बोलणार आहे. मला गप्प बसण्याची तंबी मिळाली आहे, पण मी मला ओळखतो. तिने एक वाक्य म्हटले की मी 'म्हणजे काय, तर' असे म्हणून उभा राहीनच. म्हणून विनंती, त्या दिवशी काहीतरी निमित्त काढून मला तुमच्याकडे बोलावून घ्यावे. हे पत्र लिहिण्याचे कारण एवढेच.

ता. क. दुसरा. तिने पत्र वाचले. "एवढं पुराण कशाला? 'दादा, ह्यांना रविवारी ने' इतकं पुरे होतं," असे म्हणाली. तिचे भाषण मी ऐकले: "मला खाली यायचंय. वर येताना दमते. दोन खुर्च्या ठेवू द्या." आजाराचे नाव नाही, कारणमीमांसा नाही, एकही स्पंज नाही. मी सुधारणा सुचवू लागलो, तेव्हा तिने यंत्राचा आवाज जास्त असल्याने ऐकू येत नाही, असे सांगितले.

ता. क. तिसरा. रविवारी मला संध्याकाळच्या आधी परत पाठवा. ठराव झाला तर ती मला घ्यायला खाली फाटकापर्यंत येणार आहे. वर येताना दोन्ही खुर्च्यांवर ती बसेल आणि मी शेजारी उभा राहीन; तेवढ्यात काहीही समजावून सांगायचे नाही, अशी अट आहे. ती मी मान्य केली आहे.