कापसाची बंडी

माय,

आज सरांनी माझ्या प्रबंधाची कच्ची प्रत परत दिली. मी पुण्यात एम.ए. करते आहे. विषय देशांच्या सुरक्षिततेचा आहे: कोणता देश कोणाला का भितो, करार का मोडतात, सीमेवर फौज कशी टिकते. "हे बायांचं काम व्हय का वं?" असं तू विचारलं असतंस, आणि मग गल्लीभर सांगत सुटली असतीस. वर्गात मी एकटीच मुलगी. पदार्थविज्ञानाची पदवी आहे म्हणून सरांनी मला उंच डोंगरावरच्या फौजेच्या कपड्यांचा भाग दिला. त्यांनी समासात लिहिलं आहे, "लोकर आहे, कातडं आहे, पिसं आहेत. कापूस कुठे आहे?"

नांदुऱ्याचं आपलं स्वयंपाकघर. तू जिनिंगच्या कारखान्यातून कापूस निवडून आली आहेस, केसांत अजून तंतू आहेत. चुलीपाशी बसून मी तुला फौजेत गेलेल्या दादाचं सीमेवरून आलेलं कार्ड वाचून दाखवते. त्यानं लिहिलं आहे की तिथं तांब्यातलं पाणी गोठतं. तू मला ते वाक्य पुन्हा वाचायला लावतेस. दुसऱ्या दिवशी तू पिंजलेल्या कापसाचं गाठोडं घेऊन येतेस. शेजारच्या काकू दारातूनच म्हणतात, "अवं, तिकडच्या पोरायसाठी लोकरीचं विणतेत." तू मान वर न करता उत्तर देतेस, "आपल्या गावात इतका कापूस असतानी मेंढीचे केस कायले?"

माप घ्यायला दादा नव्हता, म्हणून त्याचा सदरा घालून मी उभी राहिले. "हालू नको. त्याचे खांदे तुह्यापरीस रुंद हायत," असं म्हणत तू टाके घालत गेलीस. कापूस भरलेली बंडी इतकी फुगली की काकूंनी विचारलं, "पोरगा फौजेत गेला का गादीच्या दुकानात?" मी हसले. तुझ्या सुई धरलेल्या हाताची टपली माझ्या डोक्यावर बसली. "हासू नको. तिकडं तो कुडकुडून राह्यला असन." उरलेल्या कापसाची तू त्याच मापानं माझ्यासाठी दुसरी बंडी शिवलीस. मी म्हटलं, आपल्याकडं एवढी थंडी कुठं पडते? तू म्हणालीस, "एकाले केली तं दुसरीले काऊन नाही?"

मग चीनशी लढाई झाली आणि दादा गेल्याची तार आली. काही महिन्यांनी मेहकरकडचा त्याचा एक सोबती काठी टेकत आपल्या घरी आला. थंडीनं त्याच्या पायाची बोटं गेली होती. तू त्याला चहा दिलास. पार्सल वेळेवर पोचलं, सगळे हसले, पण दादा बंडी अंगातून काढत नव्हता, असं त्यानं सांगितलं. माघार घेताना खिंडीत ओला बर्फ पडत होता आणि ते भिजत चालले होते. "गोळी नाही लागली, मावशी. वाटेत बसला अन् झोपला."

"बंडी होती अंगात?"

"होती."

"मंग त्याले थंडी नसन वाजली."

तो कपात बघत राहिला. "नाही, मावशी. नाही वाजली."

तार आल्यापासून त्या दिवशी तू पहिल्यांदा पोटभर जेवलीस. पुढं जो येईल त्याला तू तेच सांगितलंस, शेवटच्या तापात पडलीस तेव्हा मलाही. मी तुझा हात धरून ऐकत होते.

कोरडा कापूस हवा धरून ठेवतो, म्हणून ऊब येते. भिजला की हवा जाते, पाणी राहतं, आणि ते पाणी अंगातली उष्णता ओढून घेतं. भिजलेला कापूस तू जिनिंगमध्ये रोज पाहायचीस, पण नांदुऱ्यात तो वाळवायला ऊन होतं. त्या खिंडीत बंडी काढून टाकणं बरं झालं असतं. हे गणित मी पदवीच्या वर्गातच सोडवलं होतं. त्यानंतर ती वही उघडली नाही.

कापसाचं पान मी आज लिहिलं. अजूनही कोणाची तरी माय पार्सल पाठवत असेल, म्हणून ते लिहायलाच हवं होतं. त्यात दादा नाही, तू नाहीस. वाक्यं सरळ आहेत. सर त्यात काही बदल सुचवणार नाहीत.

हे पत्र मात्र कुठं जाणार नाही. तुला पत्ता नाही, हे कारण सोयीचं आहे. पत्ता असता तरी मी ते टाकलं नसतं. समोर बसून तू विचारलं असतंस, तर मीसुद्धा कपात बघत म्हटलं असतं, नाही, माय, नाही वाजली.

पुण्यात थंडी पडली आहे. लिहिताना माझी बंडी अंगात आहे, खांद्यांवर अजूनही सैल. ऊब येते. इतक्या वर्षांत मी ती एकदाही धुतलेली नाही.